आत आहेस गो?

अब्बा, तीन आठवड्यांपूर्वी मी बारा पोरांना घेऊन तुमच्या फ्रीझरमध्ये गेले होते. तुमच्या म्हणजे रास अल खोरच्या त्याच गोदामात, जिथे गोठवलेल्या मासळीची आणि कोंबड्यांची खोकी मोजत तुम्ही उमेदीची वर्षं काढलीत. तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरांना न्यायला अख्ख्या दुबईत दुसरी जागा मिळाली नाही का तुला. खरं तर मी शोधलीच नाही.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा मधलं थोडं सांगते. मी शारजाला अल नहदात राहते, अम्मी माझ्याजवळच असते. शाळेत सायन्स शिकवते आणि शनिवारी सकाळी बिल्डिंगमधल्या पोरांचा एक क्लब चालवते. क्लब म्हणजे काय, तर त्यांच्या आईबापांना दोन तास शांतता आणि माझ्या डोक्याला ताप. या जानेवारीत मी इंटरनेटवरून एक कागद छापून आणला, थंडीत घराबाहेर करायचे प्रयोग. त्यात लिहिलेलं की कडाक्याची थंडी पडली की कोट घालून अंगणात जा, साबणाचे बुडबुडे सोडा आणि ते डोळ्यांसमोर गोठताना बघा. आमची कडाक्याची थंडी तुम्हाला माहीतच आहे. सतरा डिग्रीला बायका कानटोप्या चढवतात. आम्ही पार्कात जाऊन बुडबुडे सोडले, ते मजेत खजुराच्या झाडावर जाऊन फुटले. मग सगळ्यात लहान मुलीने तो कागद माझ्यासमोर धरला. आठ वर्षांची आहे, वरच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबातली, घरातही इंग्रजीच बोलते. म्हणाली, "मिस, व्हेअर इज धिस आउटसाइड?" हे बाहेर नक्की कुठे असतं? माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या फ्रीझरचं दार आलं. क्लबातल्या एका मुलाचे वडील कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात आहेत, त्यांनी परवानगी काढून दिली. कुठलं गोदाम ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी फक्त "ओके, थँक यू" म्हणाले. हे आपलंच गोदाम, हे मी त्यांनाही सांगितलं नाही आणि अम्मीलाही नाही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी धड बोललो नाही. तुम्ही एकदा विचारलंत आणि मी टाळलं. म्हणून आधी तेच लिहिते.

मी सात वर्षांची आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि अम्मी गावाहून व्हिजिटवर आलोय, आणि बाहेर इतकं ऊन आहे की गोदामाच्या पत्र्याकडे बघवत नाही. तुम्ही मला तुमचं जाडं जॅकेट घालता, ते माझ्या घोट्यापर्यंत येतं. आत पंखे इतके गरजताहेत की तुमचं बोलणं ऐकू येत नाही. तुम्ही बोट वर करून थांबायला सांगता. मग डीफ्रॉस्टची, म्हणजे यंत्रावर साचलेला बर्फ वितळवायची, वेळ होते आणि सगळे पंखे एकदम बंद पडतात. "झोपले पंखे," तुम्ही म्हणता, "आता वीस मिनिटं वारा नाही." खिशातून औषधाची बाटली निघते, तिच्यात साबणाचं पाणी, साखर घातलेलं. पॅकिंगच्या तारेचा वाकडातिकडा गोल करून तुम्ही फुंकर मारता. बुडबुडा खोक्यावर जाऊन बसतो, फुटत नाही. खालून त्याला पांढरी पिसं फुटतात, ती फिरत फिरत वर चढतात, आणि मी श्वास रोखून बघत असतानाच तो आख्खा पांढरा होतो. "हात लावू नको गो," तुम्ही म्हणता, "माझा श्वास आहे त्याच्यात." तुम्ही थट्टेने म्हणाला होता. पण माझ्या मानेवर काटा आला होता, तो मला अजून आठवतो.

मग तुम्ही मला बाहेर काढलंत, ऑफिसात अम्मीजवळ जाऊन बस म्हणालात आणि बाजूला मीटर लिहायला गेलात. मी ऑफिसात गेले नाही. मागच्या रॅकवर माझा स्वतःचा, मी फुंकलेला बुडबुडा होता, तो बघायला पुन्हा आत शिरले. दाराशी पावलं वाजली. तुम्ही हाक मारलीत, "आत आहेस गो?"

मला ती ऐकू आली, अब्बा. पंखे झोपलेले होते, टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण रॅकांच्या मधून धुकं जमिनीलगत सरकत होतं, तुम्ही दिसत नव्हता, आणि तो आवाज तुमच्यासारखा असूनही खोक्यांवर आपटून भलतीकडून आल्यासारखा वाटला. अम्मीने मला चालायला लागल्यापासून शिकवलेलं की न दिसणाऱ्याने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. ते एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. माणूस असला तर तिसऱ्यांदा मारतो. तिसऱ्या हाकेला ओ दे. गावात आम्ही सगळी पोरं तेच करायचो, अंगणातून कोणी बोलावलं की बोटं मोजत गप्प बसायचो. मी एक बोट दुमडलं आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. तुमच्या कामात हाक एकच असायची. एकदा ओरडायचं, दहा आकडे मोजायचे, दार लावायचं. तुम्ही दहा मोजले असणार. दार लागलं, दिवा गेला, आणि थोड्या वेळाने पंखे जागे झाले.

आत मी किती वेळ होते ते मला सांगता येत नाही. अम्मी ऑफिसातून मला शोधत आली तेव्हा कळलं, म्हणजे दहाएक मिनिटं असतील. मी रडले नाही. दुमडलेलं बोट तसंच धरून मी बसले होते, कारण दुसरी हाक आली आणि माझा हिशेब चुकला तर काय, याची मला जास्त भीती होती. तुम्ही मला उचललंत आणि अम्मीने हात पुढे केले तरी सोडलं नाहीत.

मग तुमचा मॅनेजर आला. तुम्ही त्याला म्हणालात, "साहब, अल्ला कसम, आवाज दिया था." तो माझ्यापुढे उकिडवा बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "बेटा, सच बोलना, पापा ने आवाज दिया था?" मागे अम्मी उभी होती. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येणार, हे सात वर्षांच्या पोरीलाही कळतं. मग ओ का नाही दिलीस? मी मान हलवली. नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही चिडला असता तर बरं झालं असतं. तुमच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, आणि मग तुम्ही हळूच म्हणालात, "शायद नहीं दिया होगा, साहब. भूल गया हूंगा."

आठवड्याभरात तुम्हाला फ्रीझरवरून काढून बाहेर ट्रकांवर घातलं, उन्हात. त्याचं तुम्ही कधी काही बोलला नाहीत. पण पुढे आम्ही दोघी इथेच राहायला आलो, तेव्हाचे तुम्ही वेगळेच होता. घराला कुलूप लावून लिफ्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. गॅस बंद केला का ते बघायला उठायचं, आणि बघून आल्यावर पुन्हा विचारायचं, "केला ना गो मी बंद?" अम्मी वैतागून म्हणायची, "पोरीला बर्फात कोंडणारा माणूस तुम्ही, तुमचं काय सांगावं!" ती हसत म्हणायची, तुम्हीही हसायचात, आणि मी ताटात बघत बसायचे. शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये, अम्मी नमाजाला गेलेली असताना तुम्ही मला जवळ बोलावलंत. "गो," म्हणालात, "तेव्हा मी हाक मारलेली ना?" मी तेहतीस वर्षांची बाई होते, मला आता कोण मारणार होतं? आणि मी म्हणाले, "किती जुनं काढताय अब्बा, आराम करा बघू." तुम्ही "बरं" म्हणालात. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तर आता त्या शनिवारचं. गोदामावरची पाटी बदललीय, मालक बदलले, आत एलईडी दिवे आलेत, दाराच्या आतल्या बाजूला हिरवं चमकणारं बटण आहे, दाबलं की दार उघडतं. पण त्या दाराचा रबर सुटताना होणारा आवाज तोच आहे. इन-चार्ज केरळचा, भला माणूस. त्याने सगळ्यांना कंपनीची निळी जॅकेटं आणि टोप्या दिल्या आणि बजावलं, "मैडम, डीफ्रॉस्ट में बीस मिनट पंखा बंद रहेगा, उतना ही टाइम. पंखा चालू होने से पहले सब बाहर. यल्ला, चलो."

पोरं आत शिरली ती किंचाळत. मग पंखे बंद झाले आणि बारा पोरं आपोआप कुजबुजायला लागली, कोणी न सांगता. वर्गात मी घसा फोडते तरी हे होत नाही. मी पहिला बुडबुडा थर्माकोलच्या झाकणावर सोडला. त्याच्या तळाशी पांढरं उगवलं, फिरलं, चढलं. एकजण म्हणाला, "मिस, इट्स अलाइव्ह." मी त्यांना सगळं नीट समजावलं, साखरेमुळे पातळ पडदा टिकतो, थंड वस्तूला टेकलेल्या जागेपासून बर्फ सुरू होतो, वारा असेल तर होत नाही. एकाने गोठलेल्या बुडबुड्यात बोट घातलं तर तो फुटला नाही, अंड्याच्या टरफलासारखा आत गेला आणि भोक तसंच राहिलं. भोकातून काहीतरी धुरकट बाहेर आल्यासारखं मला वाटलं. असा धूर निघायला नको, हे मला माहीत आहे, मी सायन्स शिकवते. पोरं रॅकांमध्ये पांगली, जो तो आपापला बुडबुडा लपवून ठेवायला लागला. माझे कान सगळा वेळ मागच्या रॅकांकडे लागले होते. तिथे खोकी अधूनमधून कुरकुरत होती, थंडीत कुरकुरतातच.

वेळ संपली तशी मी सगळ्यांना दाराशी गोळा केलं आणि टोप्या मोजल्या. बारा. मी शपथेवर सांगते, बारा होत्या. पोरं एका जागी उभी राहत नाहीत, एखादी दोनदा मोजली असेन, दुसरं काय असणार. इन-चार्जला फोन आला म्हणून तो ऑफिसात गेला होता. मी दार ओढून लावलं. बाहेर उन्हात पोरं जॅकेटं काढून ढिगावर टाकू लागली, सगळी एकाच वेळी बोलत होती, मी हसत होते. बऱ्याच वर्षांनी त्या दाराजवळ मी हसत होते, अब्बा. मग जॅकेटं परत द्यायची म्हणून मोजली, तर अकरा. पुन्हा मोजली, अकरा. आतले पंखे सुरू झालेले ऐकू येत होते. मी दाराकडे धावले, पण पोचायच्या आत रबर सुटला आणि दार आतून उघडलं. ती आठ वर्षांची मुलगी बाहेर आली. पापण्या पांढऱ्या, हातात एक रिकामं झाकण. सहा-सात मिनिटं आत होती. रडत नव्हती. मी तिला छातीशी धरलं आणि ती अवघडून चुळबुळली तरी सोडलं नाही, तुमच्यासारखंच.

इन-चार्ज धावत आला. मुलगी ठीक आहे बघितल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. "मैडम, दरवाजा बंद करने से पहले आवाज दिया था ना?" असं विचारत तो स्वतःच मान हलवत होता. "दिया था बोलो, खलास. मैं वैसा लिख देगा." हो म्हणायला एक अक्षर पुरे होतं. मी म्हणाले, "नहीं दिया. गिनती किया, आवाज नहीं दिया." तुमची मुलगी, आणि त्या दारात हाक मारायला विसरले. त्याने पोरांच्या भेटी कायमच्या बंद केल्या, आणि बरोबरच केलं. मुलीच्या आईने मला जे ऐकवलं तेही मी खाली मान घालून ऐकलं. तिच्या जागी मी असते तर पोरीला पुन्हा पाठवलं नसतं, पण मुलीने हट्ट धरला, आणि ती अजून दर शनिवारी येते.

पण त्याच्या आधी, परतीच्या बसमध्ये, ती माझ्याजवळ बसली होती. मी तिचे हात चोळत होते. ती म्हणाली, "सॉरी मिस. वॉज द अंकल अँग्री?"

मला वाटलं इन-चार्जबद्दल विचारतेय. म्हटलं, "नो बेटा, ही वॉज ओन्ली वरीड."

"नॉट हिम. द अंकल इनसाइड. ही कॉल्ड मी."

माझे हात थांबले. आत कोण होतं, मी विचारलं. तिला दिसलं नव्हतं. आवाज मागून आला, म्हणाली, जिथे मासे ठेवलेत तिथून. "ही सेड समथिंग, समथिंग, गो. फर्स्ट टाइम आय वॉज स्केअर्ड. ही सेड इट अगेन. देन थर्ड टाइम ही सेड गो, सो आय सेड यस, अँड आय पुश्ड द ग्रीन बटन."

"थ्री टाइम्स?"

"थ्री टाइम्स, मिस." आणि तिने बोटं दाखवली.

मी तिचे हात पुन्हा चोळायला घेतले. नीट विचार केला. मागच्या भिंतीपलीकडे माल चढवायची जागा आहे, तिथे ट्रक मागे घेताना लोक दिवसभर ओरडतात. कोणी गो, गो म्हणालं असेल. इतक्या जाड भिंतीतून आणि चालू पंख्यांतून ते आत ऐकू येतं का, ते मला ठाऊक नाही. त्या पोरीला मराठीचा एक शब्द येत नाही. 'गो' म्हणजे तिला 'जा', दुसरं काही नाही.

घरी आले तर अम्मी तांदळाच्या भाकऱ्या करत होती. म्हणाली, "कसा झाला गो तुझा बर्फाचा खेळ?" मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "अम्मी, अब्बांनी हाक मारली होती. तेव्हा. मी ऐकली होती." कुठली, कधी, हे तिने विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि इतक्या वर्षांनी तोच प्रश्न विचारला. "मग ओ का नाही दिलीस?"

"तूच सांगितलेलंस, पहिल्या हाकेला द्यायची नाही."

तिने गॅस बंद केला. पाटावर बसली. भाकरी तव्यावरच राहिली. ती म्हणाली, "आणि मी त्यांना मरेस्तोवर बोलत राहिले." मग उठून तिने हात धुतले. त्यानंतर ती तुमच्याबद्दल बोलते, पण ते बर्फाचं वाक्य पुन्हा तिच्या तोंडून आलेलं नाही. एवढं तरी तुमच्या पदरात टाकता आलं. फार उशिरा, हे मला माहीत आहे.

पण तुम्हाला कळलं की नाही, या विचाराने माझी झोप उडालीय. तुम्ही स्वतःला विसराळू समजत गेलात की खरं ओळखून गेलात? दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर मला डॉक्टरकडे नेतील, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही हाक एकदाच मारायचात. आयुष्यभर एकदाच. त्या दाराआड अडकलेल्या पोरीला तीनदा हाक मारायची, हे फक्त अशा माणसाला सुचेल, ज्याला आपली हाक चुकलेली नव्हती, मीच ओ दिली नव्हती, आणि का दिली नव्हती, हे कळलंय. म्हणजे तुम्हाला कळलंय. म्हणजे तुम्ही हाक मारली होती, हे तुम्हाला आता पक्कं माहीत आहे.

हे सगळं त्या 'गो'च्या आधीच्या दोन शब्दांवर उभं आहे. समथिंग, समथिंग. मुलगी हुशार आहे, ऐकलेला आवाज जसाच्या तसा काढून दाखवते, परवा तिने आमच्या वॉचमनच्या पश्तूची हुबेहूब नक्कल केली आणि सगळी पोरं लोळली. विचारायला अर्धं मिनिट लागेल. मागच्या शनिवारी ती माझ्या शेजारी बसून चित्र रंगवत होती, आम्ही दोघीच होतो, प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी तिला पाणी हवंय का विचारलं.

कारण ती ट्रकवाल्यासारखं काही बोलली, तर तुम्ही ते न कळताच गेलात असं ठरेल, आणि या वेळी त्याला साक्षीदार मीच असेन. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तेव्हा इथे कबूल करायला हरकत नाही. मी तिला विचारणार नाही, अब्बा.